उपवास, उर्सो आणि १०४: टोटल बाईल ॲसिडच्या एका आकड्याचं प्रकरण

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमचा फोन आला. "अहो, दहा दिवसांपूर्वी तुमच्याकडून टीबीए ४८ आला होता. कालच्या सॅम्पलचा रिपोर्ट शहरातल्या लॅबकडून आत्ता आलाय, १०४. एसजीपीटी निम्म्यावर उतरलाय, खाज कमी आहे, आणि हाच तेवढा दुप्पट? चुकलंय कोण? पेशंट समोर बसलीय, मला आज काहीतरी ठरवायला लागेल."

टीबीए म्हणजे रक्तातली एकूण पित्ताम्लं, एसजीपीटी म्हणजे यकृताचं एक एन्झाइम. यकृताच्या या दुखण्यात दोन्ही वाढतात. मी म्हणाले, दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतील. त्यावर पलीकडून जो सुस्कारा आला, तो लॅबमध्ये काम करणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

आधी एक सांगून टाकते. हे प्रकरण एकाच बाईचं नाही. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींच्या गोष्टी इथे एकत्र गुंफल्या आहेत आणि रुग्णाचे आकडे समजायला सोपे पडतील असे बसवले आहेत. गोंधळ मात्र अस्सल आहे.

पेशंट

वय २९, दुसरी खेप, ३४ आठवडे पूर्ण. तळहात आणि तळपायांना खाज, रात्री जास्त, अंगावर पुरळ नाही. खाजवून खाजवून पोटऱ्यांवर ओरखडे. घरी आधी खोबरेल तेल, मग कडुनिंबाच्या पाल्याची अंघोळ, मग "उष्णता आहे, सब्जा घे" असं सगळं यथासांग झालं. पहिल्या खेपेलाही शेवटच्या महिन्यात थोडी खाज होती, पण तेव्हा कुणी रक्त तपासलं नव्हतं. या वेळी मॅडमनी एलएफटी, म्हणजे यकृताच्या नेहमीच्या चाचण्या, आणि टोटल बाईल ॲसिड, म्हणजे टीबीए, दोन्ही लिहून दिले. बिलिरुबिन ०.९, एसजीपीटी ११२, टीबीए ४८ मायक्रोमोल प्रति लिटर. निदान झालं गरोदरपणातल्या कोलेस्टेसिसचं, म्हणजे आयसीपीचं. त्यावरच्या उर्सो या औषधाच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीनदा सुरू झाल्या.

रिपोर्ट घ्यायला नवरा आला होता. त्याने विचारलं, "पित्त वाढलंय म्हणजे ॲसिडिटीची गोळी देऊ का?" प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडे 'पित्त झालंय' म्हणजे छातीत जळजळतंय. ही पित्ताम्लं वेगळी. यकृत ती कोलेस्टेरॉलपासून बनवतं, पित्ताशयात साठवतं, जेवण पडलं की आतड्यात सोडतं. त्यातली ९५ टक्क्यांच्या आसपास लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून परत शोषली जातात आणि यकृत ती पुन्हा उचलतं. शरीरातला सगळा साठा दोन-चार ग्रॅमचाच, पण दिवसातून अनेक फेऱ्या मारतो. यकृताच्या हातून जे निसटतं ते आम्हाला सीरममध्ये सापडतं. उपाशीपोटी हा आकडा साधारण १०च्या आत असतो. कोलेस्टेसिसमध्ये यकृताकडून पित्त बाहेर नीट ढकललं जात नाही, म्हणून तो चढतो.

एका आकड्यावर एवढं का अडतं

आयसीपीत आईला त्रास खाजेचा, धोका पोटातल्या बाळाला. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये अनेक देशांतला डेटा एकत्र करून एक मोठं विश्लेषण आलं, पाच हजारांहून जास्त बायकांचं. मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण टीबीए ४०च्या खाली असलेल्यांत ०.१३ टक्के, ४० ते ९९ मध्ये ०.२८ टक्के, आणि १०० किंवा वर गेलेल्यांत ३.४४ टक्के. शेवटची उडी पाहा. त्यामुळेच १०० हा आकडा प्रसूतितज्ज्ञांच्या डोक्यात पक्का बसला आहे. अमेरिकेतल्या सोसायटी फॉर मॅटर्नल-फीटल मेडिसिनच्या २०२१च्या सूचनेत १०० किंवा जास्त असेल तर ३६ आठवड्यांना प्रसूती करावी असं आहे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजने २०२२ मध्ये अशांना ३५ ते ३६ आठवडे सांगितले, आणि ४० ते ९९ वाल्यांना ३८ ते ३९.

आमच्या पेशंटला फोनच्या दिवशी ३५ आठवडे ३ दिवस झाले होते. ९६ आला असता तर थांबा, १०४ आला तर तयारी करा. मधल्या आठ मायक्रोमोलमध्ये बाळाचे दोन-तीन आठवडे. आणि दोन पद्धतींमधला, दोन किटांमधला, दोन जेवणांमधला फरक आठपेक्षा सहज मोठा असतो.

हा आजार आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. ब्रिटनमध्ये एकूण गरोदर बायकांत त्याचं प्रमाण ०.७ टक्के, पण तिथल्या भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या बायकांत १.२ ते १.५ टक्के. तरीही आपल्या जिल्ह्याच्या गावांत ही चाचणी बहुतेक ठिकाणी बाहेरच पाठवली जाते. आमच्याकडे होते ती एका जुन्या किटवर, आणि त्या आठवड्यात तेही संपलं होतं. म्हणून दुसरं सॅम्पल शहरात गेलं.

कोण काय मोजतं

१८४४ साली माक्स फॉन पेटेनकोफरने पित्तात साखर आणि गंधकाम्ल घालून लाल-जांभळा रंग आणून दाखवला. आमचं जुनं किट बघितलं की मला तोच आठवतो, कारण आमच्याकडेही शेवटी रंगच येतो, फक्त वाट निराळी. ३-अल्फा-हायड्रॉक्सीस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम पित्ताम्लाच्या तिसऱ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिल गटाला धरतं आणि त्याचा कीटोन करतं. त्यात एनएडी या मदतनीस रेणूचं एनएडीएच होतं. ते डायाफोरेजच्या मदतीने एनबीटी या रंगद्रव्याला देतात, जांभळा फॉर्मेझन तयार होतो आणि ५४० नॅनोमीटरला वाचला जातो. यात दोन भानगडी. सीरममध्ये मुळातच असलेलं एलडीएच हे दुसरं एन्झाइमही एनएडीएच तयार करतं, आणि यकृताच्या आजारात ते वाढलेलं असतं, म्हणून किटमध्ये त्याला दाबणारं रसायन घालावं लागतं. दुसरी भानगड रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्याची. हिमोग्लोबिन नेमकं ५४०च्या आसपास प्रकाश शोषतं.

शहरातल्या लॅबकडे याच कुळातली पुढची पिढी आहे, एन्झाइम सायकलिंग. एन्झाइम तेच, पण थायो-एनएडी, म्हणजे एनएडीचंच गंधक असलेलं रूप, आणि भरपूर एनएडीएच एकत्र देतात. पित्ताम्लाचा कीटोन होतो, लगेच परत पित्ताम्ल होतं, पुन्हा कीटोन. एकच रेणू रहाटासारखा फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीला थोडं थायो-एनएडीएच मागे टाकतो. ४०५ नॅनोमीटरला त्याचा वाढण्याचा वेग मोजायचा. संवेदनशीलता कितीतरी जास्त, आणि वेग मोजायचा असल्यामुळे सॅम्पलचा मूळ रंग फारसा आड येत नाही. आज नव्याने चाचणी सुरू करणाऱ्याला मी डोळे झाकून हीच घ्या म्हणेन.

तिसरी पद्धत एलसी-एमएस/एमएस, म्हणजे लिक्विड क्रोमॅटोग्राफीला जोडलेली मास स्पेक्ट्रोमेट्री. सीरममधली प्रथिनं ॲसिटोनायट्राइलने खाली बसवायची, ड्युटेरियम लावलेली ओळखीची पित्ताम्लं मापाला घालायची, सी-१८ कॉलमवरून एकेक वेगळं करायचं आणि मास स्पेक्ट्रोमीटरने वजनावरून ओळखायचं. कोलिक किती, कीनोडिऑक्सिकोलिक किती, ग्लायसिन जोडलेलं किती, टॉरिन जोडलेलं किती, सगळा हिशेब मिळतो.

विद्यार्थ्यांना मी पंगतीचं उदाहरण देते. एन्झाइमची पद्धत वाढलेली पानं मोजते. कोण बसलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही, तिसऱ्या जागी अल्फा हायड्रॉक्सिल दिसला की एक पान. एलसी-एमएस हातात यादी घेऊन नावं विचारत फिरते. पण यादीत नाव नसलेला पाहुणा तिला दिसतच नाही, म्हणून तिची बेरीज बऱ्याचदा एन्झाइमपेक्षा थोडी कमी भरते. आणि तिसऱ्या जागी सल्फेट लावून बसलेली पित्ताम्लं एन्झाइमला दिसत नाहीत, त्यांचं पान झाकलेलं.

आता उर्सो. त्याचं पूर्ण नाव उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड. उर्सुस म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल. १९२७ साली जपानमध्ये ते अस्वलाच्या पित्तातून शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं. गोळीतलं हे औषध स्वतःच एक पित्ताम्ल आहे. कीनोडिऑक्सिकोलिकमध्ये आणि त्याच्यात फरक सातव्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलच्या दिशेचा, बाकी सगळं तेच. तिसऱ्या कार्बनवर अल्फा हायड्रॉक्सिल आहेच. म्हणजे एन्झाइम त्याचंही पान मोजणार. उपचार चालू असलेल्या बाईत टीबीएचा अर्धा किंवा त्याहून जास्त भाग गोळीचाच असू शकतो.

एलसी-एमएसलाही इथे सहज मोकळं सोडून चालत नाही. उर्सो, कीनो आणि डिऑक्सिकोलिक, तिघांचा रेणुभार एकच, ३९२.६. निगेटिव्ह मोडमध्ये तिघंही ३९१ वर दिसतात, आणि ग्लायसिन-टॉरिन न जोडलेली पित्ताम्लं धड फुटतही नाहीत की तुकड्यांवरून ओळखावीत. त्यांना वेगळं करतो तो कॉलमच. उर्सो आधी बाहेर पडतं, कीनो आणि डिऑक्सी मागून. कॉलम जुना होऊन आलेखातली त्यांची शिखरं एकमेकांत मिसळली की महागडं यंत्रसुद्धा अस्वलाला माणूस म्हणतं.

शुक्रवार रात्र ते मंगळवार

मॅडमनी त्या रात्री प्रसूती केली नाही. पेशंटला दाखल करून घेतलं, बाळाच्या ठोक्यांचा एनएसटी लावला. तो छान होता, पण आयसीपीत छान एनएसटीवर फार विसंबता येत नाही, बाळ अचानक दगावतं. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मी शनिवारी सकाळी वॉर्डात गेले. लॅबवाल्यांनी अधूनमधून वॉर्डात जावं, हे माझं जुनं मत आहे. शहराच्या रिपोर्टवर 'फास्टिंग' असं छापलेलं होतं. मी विचारलं, "ताई, गुरुवारी रक्त द्यायला आलात तेव्हा उपाशी होतात ना?"

"हो मॅडम, उपवासच होता माझा. गुरुवारचा."

"मग काही खाल्लं नव्हतं?"

"उपवासाला काय खाणार? साबुदाण्याची खिचडीच. आणि त्यावर ती तुमची गोळी."

खिचडी सकाळी नऊला, गोळी त्याच्याबरोबर, रक्त अकराला. आमच्या कलेक्शनच्या मुलीने विचारलं होतं "उपास आहे ना?", उत्तर आलं "आहे", आणि तिने चौकोनात टिक केली. दोघीही खरंच बोलल्या. तुपात परतलेला साबुदाणा आणि दाण्याचं कूट याहून पित्ताशय पिळायला चांगलं काय असणार? पित्ताशय आकसतं, पित्ताम्लांची लाट आतड्यातून यकृताकडे येते, आणि आजारी यकृत ती पेलू शकत नाही. त्यात दोन तासांपूर्वीची गोळी नुकतीच शोषली जात होती. पहिलं, ४८ वालं सॅम्पल खरोखर उपाशीपोटीचं होतं, गोळी सुरू होण्याआधीचं.

त्या शनिवारी पाण्याशिवाय काही न घेता रक्त घेतलं, रात्रीच्या गोळीला दहा तास होऊन गेले होते. त्याच शहरातल्या लॅबला, त्याच सायकलिंग पद्धतीवर. आकडा ७१.

त्याच दुपारी आमचं किट आलं. गुरुवारच्या रक्ताची एक ट्यूब आमच्या फ्रिजमध्ये होती. ती मी पुन्हा लावली आणि आकडा आला ११८. क्षणभर पोटात गोळा आला. मग ट्यूब खिडकीशी धरून पाहिली. सीरम हलकं गुलाबी. त्या दिवशी पहिली ट्यूब भरल्यावर शीर दबली होती, दुसरी ओढून ओढून भरली, आणि शहरात गेली ती पहिली. आमच्या मशीनच्या सेटिंगमध्ये सॅम्पल ब्लँकचा टप्पा, म्हणजे एन्झाइम न घालता नुसता मूळ रंग वाचून वजा करण्याचा, बंद ठेवलेला होता. रीएजंट वाचावं म्हणून. कुणी केला होता? मीच, सेटिंग बसवताना. ब्लँक लावून पुन्हा वाचलं तर १०१.

म्हणजे एकाच बाईच्या त्याच रक्ताला आमच्याकडे ११८, दुरुस्तीनंतर १०१ आणि शहरात १०४. शेवटचे दोन एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. पद्धतींचा झगडा म्हणून जो दिसत होता, त्यातला मोठा भाग रंगाचा, खिचडीचा आणि गोळीचा निघाला.

उरला प्रश्न गोळीचा वाटा किती. पुण्यात एका संशोधन संस्थेत माझी मैत्रीण एलसी-एमएस चालवते. तिने अडचण ओळखून तीच ट्यूब लावून दिली, पण बजावलं, "हा रिपोर्ट नाही हं, माहिती आहे." निकाल मंगळवारी दुपारी आला, पेशंटला बरोबर ३६ आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी. एकूण ९६. त्यात उर्सो, मोकळं आणि ग्लायसिन-टॉरिन जोडलेलं मिळून, ५७. बाकीची सगळी पित्ताम्लं मिळून ३९.

वजाबाकी करावी का

मॅडम म्हणाल्या, "मग झालं, ३९. चाळीसच्या आत. सोडून देऊ."

इथे मी त्यांना थांबवलं, आणि या प्रकरणातली माझ्या मते सगळ्यात अवघड जागा हीच. ४० आणि १०० हे उंबरठे कुणी एलसी-एमएसवर, उर्सो वजा करून काढलेले नाहीत. त्या मोठ्या विश्लेषणातल्या बायकांचे आकडे एकूण टीबीएचे होते, आणि त्यांतल्या कित्येकींना उर्सो चालू होतं. म्हणजे १०० या आकड्याच्या पोटातच थोडं उर्सो आहे. एका मापाने काढलेला आकडा दुसऱ्या मापाच्या उंबरठ्याशी लावायचा, म्हणजे तोळ्यात मोजून ग्रॅमच्या पट्टीत वाचण्यासारखं.

उलट बाजूही तितकीच खरी. धोका सांगणारा आकडा हा शिखराचा असतो आणि तो जेवणानंतरच दिसतो. रॉयल कॉलेज तर उपाशी राहायला सांगतच नाही. कधीही घेतलेल्या रक्तात १९च्या खाली असेल तर गरोदरपणात ते चालतं, असं त्यांचं म्हणणं. त्या नियमाने बघितलं तर १०४ हा आकडा खिचडीमुळे बाद होत नाही. पुस्तकी अर्थाने तो 'गंभीर'मध्येच बसतो. मॅडमनी त्या दिवशी प्रसूतीचा निर्णय घेतला असता तर मी त्याला चूक म्हटलं नसतं.

मग त्या ३९ चा उपयोग काय? दिशा कळायला. उपचाराआधी उपाशीपोटी सगळी तिची स्वतःची ४८. दहाव्या दिवशी खाऊन आल्यावरही स्वतःची ३९. आजार चढणीला नाही. एसजीपीटी ६१ वर उतरलेला, तोही तेच सांगत होता. एकूण आकड्याला १०० च्या पलीकडे ढकलणारा हात औषधाचा होता, हे पुरेसं स्पष्ट होतं. त्यावरून थांबायचं की नाही, हा निर्णय मॅडमचा आणि त्या कुटुंबाचा. नवऱ्याने पुन्हा विचारलं, "मग गोळीच बंद केली तर?" तोही प्रश्न पोरकट नव्हता. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६०५ बायकांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पिचेस चाचणीत उर्सोने बाळाच्या दृष्टीने काही फरक पडला नाही आणि खाजही थोडीशीच कमी झाली. पण या बाईला रात्री झोप लागत होती, तिला गोळी सोडायची नव्हती.

ठरलं असं. ३७ आठवड्यांपर्यंत दाखलच ठेवायचं, मध्ये एकदा टीबीए, तोही त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीवर, नाश्त्यानंतर दोन तासांनी, गोळीची वेळ लिहून. १०४च्या वर सरकला तर त्याच दिवशी कळा आणायच्या. तो ८८ आला. ३७ पूर्ण झाल्यावर कळा आणल्या, मुलगी झाली, अडीच किलोच्या वर. चौथ्या दिवशी आईच्या तळव्यांची खाज गेलेली होती. सहा आठवड्यांनी टीबीए ६.

आमच्याकडे नंतर

सायकलिंगचं किट आम्ही घेतलं. जुनं काढण्याआधी उरलेली सीरम साठवून दोन्हींवर लावली, चाळीसच्या वर. किटच्या माहितीपत्रकात जुन्याशी सहसंबंध ०.९९ असं दिमाखात छापलेलं असतं. थोरल्या आणि धाकट्या भावाच्या वयांचा सहसंबंध दरवर्षी काढला तर तो बरोबर १ येतो, पण धाकटा कधी थोरल्याएवढा होत नाही. म्हणून फरकांचा आलेख काढायचा, ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये दाखवला तसा, आणि ४० व १०० च्या आसपास ठिपके किती पसरतात ते पाहायचं. बाकी आलेख देखणा असला तरी तिथे उपयोगाचा नाही. आणखी एक शिकलो. तुलनेची सॅम्पल निवडताना उर्सो घेणाऱ्या बायकांची वेगळी खूण करायची, नाहीतर किटांतला फरक कुठला आणि औषधाचा कुठला, हे मागाहून सुटत नाही.

रिपोर्टवर आता आकड्याखाली पद्धतीचं नाव येतं आणि एक ओळ: 'उर्सो चालू असल्यास ते या आकड्यात धरलेलं आहे.' मागणीपत्रावर 'फास्टिंग' हा चौकोन काढून टाकला. त्याजागी दोन रिकाम्या रेघा आहेत, शेवटचं काय खाल्लं व किती वाजता, आणि उर्सोची शेवटची गोळी किती वाजता. पहिला महिनाभर त्या रेघा कोऱ्याच येत होत्या. गेल्या आठवड्यात आमच्या कलेक्शनच्या मुलीने एक फॉर्म आणून माझ्या टेबलावर ठेवला. निळ्या पेनाने, सुवाच्य अक्षरात: 'भगर व दाण्याची आमटी, १०.१५. उर्सो १०.३०. एकादशी.'